तेल कुठून गळतंय

अंगदनं बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं आणि काळी झालेली बोटं आरतीपुढे धरली. "बघ ताई. सगळं इंजिन तेलानं माखलंय. तापल्यावर पेटलं तर? काकूला असल्या गाडीत न्यायचं न्हाई. इकून टाकू."

आरतीचे वडील, अण्णा, उन्हाळ्यात गेले. तेव्हापासून त्यांची पांढरी गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. शेजारी राहणारा हा चुलतभाऊ ती अधूनमधून नुसती सुरू करून ठेवायचा. मंगळवारी शेवगावला आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मोतीबिंदू पिकला होता, पण आई महिनाभर टाळत होती, आणि शेवटी कबूल झाली ती एका अटीवर: जायचं तर ह्यांच्याच गाडीतून. त्यासाठीच आरती पुण्याहून आली होती. गाडी गेली असती, तर ऑपरेशनही पुन्हा लांबलं असतं. आईला ती ओळखून होती.

"आधी साफ तर करू," ती म्हणाली. "कुठून गळतंय ते दिसल्याशिवाय काय ठरवायचं? खरंच गळत असेल तर मीच गिऱ्हाईक बघते."

साफ म्हटल्याबरोबर अंगद घरी गेला आणि डाळिंबावर औषध मारायचा फवारणी पंप ढकलत घेऊन आला. तिसगावच्या आसपास ट्रॅक्टर असेच धुतात. नळीचं तोंड धरलं की वर्षाचा चिखल उडून जातो.

"तो ठेव बाजूला."

"आगं, दोन फवाऱ्यात चकाचक."

"ट्रॅक्टरचं वेगळं. हिच्यात वायरींचं जाळं आहे. पाणी शिरलं की मंगळवारी ढकलत न्यावी लागेल."

"तुला काय म्हाईत? तू पुस्तकातली."

"पुस्तकातच लिहिलंय. गाडीबरोबर मिळतं ते. कप्प्यात आहे."

"ते अन्नांनीबी वाचलं नसंल."

"वाचायचे की," ओट्यावरून आई म्हणाली. "झोप लागत नसली म्हंजी."

अंगद हसला. आरतीलाही हसू आलं, आणि आलं याचं तिला जरा नवल वाटलं.

इंजिन गार होतं तरी तिनं हात लावून पाहिला. ओढणी काढून ओट्यावर ठेवली. अंगदनं पाना घेऊन बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. खताच्या गोणीतलं प्लास्टिक कापून तिनं फ्यूजचा डबा, अल्टरनेटर आणि हवा आत जाते ते तोंड झाकलं आणि वरून सुतळी बांधली. "दशक्रियेला एवढी बांधाबांध नव्हती केली," अंगद पुटपुटला, आणि मग त्यानं जीभ चावली. तिनं ते ऐकलं नाही असं दाखवलं.

आधी सुका ब्रश फिरवून धूळ आणि पाला काढला. मग बादलीत शाम्पूचं पाणी केलं, ब्रश बुडवायचा, झटकायचा, थोडं थोडं घासायचं, लगेच ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. एकदा पाठ वळली तेवढ्यात अंगदनं फडकं डिझेलच्या डब्यात बुडवलं.

"हे काय?"

"चमक येती. समदे लावत्यात."

"पेटेल म्हणून विकायला निघालास, आणि वर डिझेल पुसतोस?"

अंगदनं डब्याला झाकण लावलं.

काम पुढे सरकलं तसं एक गोष्ट तिच्या लक्षात आली. तेल सगळीकडे नव्हतं. तेल ओतायच्या झाकणापासून ते फक्त पुढच्या बाजूला, जिथं माणूस उभा राहतो त्या बाजूला, ओघळलं होतं. थरावर थर. मागची बाजू नुसती धुळीनं भरलेली.

दुपारपर्यंत बॉनेट उघडं ठेवून इंजिन वाळवलं. प्लास्टिक काढलं, फडकी मोजून बाहेर घेतली, वायर जोडली. गाडीखाली खोक्याचा पुठ्ठा सरकवला आणि गाडी सुरू केली. बराच वेळ ती तशीच चालू ठेवली. मग अंगद गाडी डांबरी रस्त्यावरून फिरवून आला. दोघांनी टॉर्च मारून प्रत्येक सांधा पाहिला. कोरडा. पुठ्ठाही कोरडा.

"मंग एवढं तेल आलं कुठनं?" अंगदनं विचारलं.

"ते गळालेलं न्हाई," आई म्हणाली. "सांडलेलं हाय."

दोघं तिच्याकडे वळली.

"हात थरथर कापायचे त्यांचे. वर्ष झालं असंल. तेल ओतताना निम्मं भाईर जायाचं. म्या म्हनायची, नरसाळं घ्या. तर म्हनायचे, नरसाळं शिकाऊ पोरं घेत्यात."

"मला कधी बोलली नाहीस," आरती म्हणाली.

"त्यांनी सांगू दिलं न्हाई. तुझा फोन आला की हात मांडीखाली दाबून बसायचे. फोनवर दिसतंय व्हय, म्हनलं तर म्हनायचे, आवाजात येतं."

आरतीनं हातातलं फडकं उलगडलं, पुन्हा त्याची घडी केली. अण्णा दर रविवारी म्हणायचे, मजेत आहे, आणि ती ते खरं मानून फोन ठेवायची. आवाजात काहीच आलं नव्हतं. मग तिनं इंजिनातलं तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली. खालच्या खुणेच्या जरा वर.

"मंगळवारच्या आधी थोडं घालावं लागेल," ती म्हणाली.

"म्या घालतो," अंगद म्हणाला.

"नरसाळ्यानं घाल," आई म्हणाली, आणि ऑपरेशनला कोणतं लुगडं नेसायचं ते बघायला आत गेली.