एका दुरुस्तीवाल्याचं साहाय्य

“हे वाच. मोठ्यानं वाच,” कॉइलकाका म्हणाले आणि उघडं मासिक त्यांनी काकूंच्या पुढ्यात, चिरलेल्या कांद्याशेजारी ठेवलं.

काकूंनी पदराला हात पुसले, चष्मा डोक्यावरून नाकावर आणला. “‘धूर ओकणारा रणगाडा : माझी धूरपेटी.’ अहो, हा तर तुमचाच डबा!”

“शेवटची ओळ वाच.”

“‘किरकोळ जोडकामासाठी एका दुरुस्तीवाल्याचं साहाय्य झालं.’” काकू थांबल्या. “एका दुरुस्तीवाल्याचं?”

“तो मी,” काका म्हणाले.

तीस वर्षं काका इस्त्र्या, किटल्या आणि पाण्याचे हीटर दुरुस्त करत आले होते. जळक्या कॉइलचा वास त्यांच्या कपड्यांतून कधी गेला नाही, आणि नावही त्यावरूनच पडलं. त्यांना छंद एकच, रेडिओवर चालणाऱ्या छोट्या रणगाड्यांचा. दर रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात अशा छांदिष्टांचं मंडळ जमायचं. त्यात बँकेतले होते, वकील होते, आणि अध्यक्ष होते दातांचे डॉक्टर. काकांचं दुकान आणि डॉक्टरांचा दवाखाना यांच्यात दोनच गल्ल्यांचं अंतर होतं.

रणगाड्याच्या मागच्या नळीतून धूर निघतो, ती या खेळातली खरी गंमत. पण तयार संचातला धूर म्हणजे निव्वळ थट्टा, विझल्या काडीतून निघावा तेवढा. गाडी उभी असो की पळत असो, धूर आपला तसाच. काकांना ते खुपायचं. खरं इंजिन सुरू होताना आधी खोकतं, मग भसकन धूर टाकतं, उभं राहिलं की हळूहळू श्वास घेतं आणि चढावर लागलं की काळवंडतं. ते सगळं हाताच्या पंजाएवढ्या डब्यात आणायला काकांना दोन वर्षं लागली. केस वाळवायच्या यंत्रातली तार घेऊन त्यांनी नवी कॉइल वळली. तेल शोषायला कापसाऐवजी काचेच्या धाग्याची वात घातली. धूर ढकलायला वेगळा इवलासा पंखा बसवला आणि त्याची वायर चाकांच्या मोटरला जोडली, म्हणजे गाडी जोरात तर धूर जोरात. डब्याच्या फटी बुजवल्या, हवेची भोकं मोठी केली. काकूंच्या स्वयंपाकघराचं छत त्या दोन वर्षांत पिवळं पडलं. पण एके दिवशी रणगाडा दोनदा खोकला आणि त्यानं असा काही धूर सोडला, की काकू भाजी ढवळायची सोडून टाळ्या वाजवू लागल्या.

मंडळात डॉक्टरांनी तो डबा हातात घेऊन उलटसुलट पाहिला होता. “आठवडाभर नेऊ का घरी? जरा अभ्यास करतो,” ते म्हणाले होते. काकांची छाती फुगली होती. एवढ्या शिकलेल्या माणसाला आपल्या डब्याचा अभ्यास करावासा वाटतो! त्यांनी डबा फडक्यात गुंडाळून दिला. आठवड्याचे तीन महिने झाले. आणि आता हे मासिक. खाली चौकटीत जाहिरातही होती, एका कारखान्यानं ती पेटी विकायला काढली होती. पेटीवर डॉक्टरांचं आडनाव छापलेलं होतं.

पुढच्या रविवारी काका मंडळात गेले तेव्हा डॉक्टरांभोवती घोळका होता.

“या काका, या! तुमचाही उल्लेख केलाय बरं का मी.”

“वाचला,” काका म्हणाले.

“यांच्यासारखे डाग कुणी देत नाही हो,” डॉक्टरांनी सगळ्यांना सांगितलं. “वायरींना, सोल्डरचे म्हणतोय मी! माझ्या लेखाला नव्हे.”

सगळे हसले. काकाही हसले. घरी येईपर्यंत ते हसू त्यांच्या तोंडावर तसंच चिकटून राहिलं, आणि ते आपल्याच तोंडावर कसं आलं याचा राग त्यांना डॉक्टरांपेक्षाही जास्त आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काकांनी लेखातली आकृती भिंगाखाली धरली. कॉइल, वात, पंखा, सगळं त्यांचंच होतं, अगदी पत्र्याच्या कोपऱ्याला दिलेली तिरकी घडीसुद्धा. फक्त एका ठिकाणी काकांचा थर्मल फ्यूज असायचा, गव्हाच्या दाण्याएवढा. तिथं सरळ वायर काढलेली होती. त्यांनी मजकूर पुन्हा वाचला. ‘मूळ जोडणीत पेटी मध्येच बंद पडत असे. तो बिघाड मी दूर केला.’

काका खुर्चीत मागे रेलले.

तेल संपलं किंवा एका बाजूला गेलं, की वात कोरडी पडते आणि कॉइल तापत जाते. ठरावीक गरमीला तो दाणा स्वतः जळून वीज तोडतो. एकदा गेला की गेला, दुसरा घालायचा, पण पेटी वाचते. किटलीत असतो, इस्त्रीत असतो, काकांच्या हातून असे शेकडो गेले होते. डॉक्टरांनी पेटी कोरडी चालवली असणार आणि फ्यूज उडाला असणार. त्यांना वाटलं, हा बिघाड. त्यांनी तो काढून टाकला आणि वर लेखात त्याची फुशारकी मारली.

सपाट जमिनीवर काहीच होणार नव्हतं. पण लांब चढावर तेल मागे जाईल, पुढची वात कोरडी पडेल, कॉइल लाल होईल. आणि गाडी माथा ओलांडून खाली वाकली, की सगळं तेल त्या लाल कॉइलवर.

एक फोन केला असता तर भागलं असतं. दवाखान्याचा नंबर काकांना पाठ होता. त्यांनी मासिक मिटलं, ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि एका किटलीचं बूड उघडायला घेतलं. कित्येक दिवसांनी ते काम करताना शीळ घालत होते.

त्यानंतरचे चार महिने काका मंडळात कधी नव्हे इतके गोड वागले. डॉक्टरांना पुढची खुर्ची देत. “वार्षिक प्रदर्शनात तुमच्याच गाडीनं सुरुवात करू या,” असं त्यांनीच सुचवलं. मैदान कसं करायचं यावर बोलणं निघालं तेव्हाही तेच म्हणाले, “मधली टेकडी यंदा जरा उंच आणि लांब करू या. चढावर धूर काय दिसेल डॉक्टरसाहेबांचा!” डॉक्टर खूश झाले. फळ्या ठोकायला काका स्वतः गेले, आणि चढाची लांबी पावलांनी मोजताना त्यांच्या मनात तेल मागे सरकत होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मधोमध भुश्शानं आणि वाळूनं मढवलेलं मैदान, भोवती दोरी. काका दुसऱ्या रांगेत बसले, शेजारी काकू. डॉक्टरांनी माइकवर दोन शब्द सांगितले, त्यातला एकही काकांविषयी नव्हता. मग रणगाडा सुरू झाला. तो दोनदा खोकला, भसकन धूर निघाला आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. काकांच्या काळजात लक्कन हललं. तो खोकला त्यांचा होता.

रणगाडा चढाला लागला. काका पुढे वाकले.

“काय झालं?” काकूंनी विचारलं.

“काही नाही. बघ तू.”

धूर पांढरा होता. मग पिवळट. मग नळीतून तपकिरी रेघ यायला लागली आणि काकांच्या नाकाला कळलं, वातीतलं तेल करपतंय. इतक्या माणसांत तो वास ओळखणारे ते एकटेच होते.

काकूंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. पस्तीस वर्षांचा संसार होता. “तुम्हाला माहीत आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “काय होणार ते तुम्हाला माहीत आहे. अहो, सांगा त्यांना!”

काकांनी हाताची घडी घातली.

रणगाडा माथ्यावर आला, क्षणभर तोललेला राहिला आणि पुढे वाकला. नळीतून वीतभर ज्वाळ आली. लोकांना आधी तो खेळाचाच भाग वाटला, कुणी तरी शिट्टीही मारली. मग प्लॅस्टिक वितळून ठिबकू लागलं. डॉक्टर दोरी ओलांडून धावले, त्यांनी उजव्या हातानं गाडीचं वरचं झाकण उचकटलं, आणि आत कोंडलेलं जळतं तेल त्यांच्या पंजावर आलं.

त्यानंतर काका कधी उठले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. तीस वर्षांची सवय पायांत होती. त्यांनी दोन ओंजळी वाळू आत ओतली, वायरी हिसकून बॅटरी तोडली आणि डॉक्टरांचा हात धरून त्यांना नळाखाली नेलं. बोटांची कातडी सुटली होती.

“कसं झालं हे?” ते पुन्हापुन्हा विचारत होते. “कसं झालं?”

या प्रश्नाचं उत्तर काकांनी चार महिने घोळवलं होतं. फक्त ते सगळ्यांदेखत, हसत म्हणायचं ठरलं होतं. आता ते पाण्याच्या आवाजात, त्या एका माणसाच्या कानाशी म्हणावं लागलं.

“पेटी तुमची ना? मग तुम्हालाच माहीत.”

त्या आठवड्यात दवाखान्याच्या दाराला कुलूप होतं. अंगठा आणि दोन बोटं खोलवर भाजली होती, पुन्हा अवजार धरता येईल की नाही ते डॉक्टरांचे डॉक्टर सांगत नव्हते. दुकानात येणारी माणसं हळहळत. काका “हो ना” म्हणत आणि स्क्रू पिळत. मनात मात्र आठवत राहायचा तो डागांचा विनोद आणि ते हसणं. बरं झालं, असं ते स्वतःला सांगत, आणि दिवसातून बऱ्याचदा सांगत.

काकू फारसं बोलत नव्हत्या. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाल्या, “त्या कारखान्यानं किती विकल्या असतील हो पेट्या?”

“असतील पुष्कळ.”

“मी पोस्टात उभा जन्म पार्सलं दिली. घेणाऱ्यांचे चेहरे बघितलेत मी. बाप पोराला घेऊन यायचा, पोरगं तिथंच दोरा सोडायला बघायचं.”

“कळवतील डॉक्टर. नाव त्यांचं आहे.”

“त्यांना कुठं माहीत आहे काय चुकलं ते?”

“मग शोधू दे त्यांना.”

काकूंनी ताट उचललं. “डॉक्टरांवर सूड घेतलात, ते मी समजू शकते. आवडलं नाही, पण समजू शकते. ह्या लोकांनी तुमचं काय घोडं मारलंय?”

काकांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. पण मुद्दा डोक्यात बसला आणि हलेना. तरी त्यांनी आणखी पाच दिवस काढले. कागद घेऊन बसायचे आणि पहिल्या ओळीलाच थांबायचे. दोष सांगायचा तर तो कधी दिसला हेही आलं.

दहाव्या दिवशी डॉक्टर दुकानात आले. उजवा हात गळ्यात बांधलेला, दाढी वाढलेली. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर ते बसले. काकांनी हातातली इस्त्री खाली ठेवली नाही.

“तुमच्या डब्यात एक बारीक दाणा होता,” डॉक्टर म्हणाले. “मी काढला. तो काय होता?”

काकांनी डबीतून एक फ्यूज काढून काउंटरवर ठेवला आणि चार वाक्यांत सांगितलं. डॉक्टरांनी तो डाव्या हातानं उचलायचा प्रयत्न केला, दोनदा सुटला.

“म्हणजे लेखातली आकृती बघताच तुम्हाला कळलं असेल.”

“कळलं.”

“बोलला नाहीत.”

“तुम्ही विचारलं नाहीत. दुरुस्तीवाल्याला कोण विचारतं?”

डॉक्टरांनी तो दाणा डाव्या बोटानं काउंटरवर बाजूला सरकवला. “माझं चुकलं” असं ते म्हणतील असं काकांना वाटलं. ते म्हणाले नाहीत. म्हणाले ते एवढंच, “मासिकाला आणि कारखान्याला आजच्या आज कळवायला हवं. मला लिहिता येत नाही. तुम्ही लिहा, मी सांगतो.”

काकांनी पाठकोरा कागद घेतला. डॉक्टर सांगू लागले. “धूरपेटीची मूळ रचना माझी नाही. ती...” इथं त्यांनी काकांचं पूर्ण नाव घेतलं. ते त्यांना ठाऊक आहे हे काकांना प्रथमच कळलं. “त्यातला फ्यूज मी अज्ञानानं काढला. पेटी वापरू नये. फ्यूज कसा बसवायचा याची आकृती सोबत आहे.”

काकांनी आकृती काढली. मग, कुणी सांगितलं नसताना, खाली आणखी एक ओळ लिहिली आणि कागद डॉक्टरांकडे फिरवला. ‘हा दोष मला लेख वाचला तेव्हाच दिसला होता. मी मुद्दाम गप्प राहिलो.’

डॉक्टरांनी वाचलं. दुकानाबाहेर कुणीतरी सायकल लावली, पुन्हा काढली.

“टेकडी उंच करायची, असंही तुम्हीच म्हणाला होतात,” डॉक्टर म्हणाले.

काकांच्या कानशिलांत रक्त चढलं. त्यांनी पुन्हा पेन उचललं.

“नको,” डॉक्टर म्हणाले. “ते नका लिहू. ते आपल्या दोघांतच राहू दे.”

त्यांनी रागानं म्हटलं असतं तर काकांना सोपं गेलं असतं. ही मेहेरबानी म्हणायची की न फिटणाऱ्या उधारीचा तगादा, तेही कळेना. ती नाकारायला तोंड उघडावं लागणार होतं, आणि ते उघडत नव्हतं.

काकांनी सही केली आणि पेन पुढे केलं. डॉक्टरांनी ते डाव्या मुठीत धरलं, पहिलीतल्या मुलासारखं. पहिलं अक्षर काढताना कागद काउंटरवरून घसरला, दुसऱ्यांदाही घसरला. तेव्हा काकांनी आपला काळा पडलेला अंगठा कागदाच्या कोपऱ्यावर दाबला, आणि डॉक्टरांचं लांबलचक नाव वेडंवाकडं होत पुरं होईपर्यंत तो उचलला नाही.