घोंगडीखाली कोण?

आमची किमया दोन वर्षांची झाली तरी तोंडातून एक शब्द काढत नव्हती. ऐकायला सगळं नीट येतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी मला धीर म्हणून नव्हता. शेजारच्या शुभांगीचं पोर किमयाच्याच वयाचं. ते दिवसभर बडबडायचं आणि मला त्या बिचाऱ्याचाही राग यायचा.

अंगणवाडीच्या ताईंनी एक खेळ सांगितला. घरातल्याच वस्तू कापडाखाली लपवायच्या, मुलीला एकेक काढू द्यायची, आपण नाव घ्यायचं आणि थांबायचं. आमच्या धनगराच्या घरात कापड म्हणजे घोंगडी. तिच्याखाली मी वाटी, पळी, कांदा, मेंढीच्या गळ्यातली घंटी, सगळं घातलं. "वाटी," मी म्हणायचे आणि थांबायचे. थांबणं माझ्या स्वभावातच नाही. किमया वाटी डोक्यावर ठेवून हसायची, झालं.

"शाळा भरवलीस व्हय गं घरात?" मामा, म्हणजे माझे सासरे बहिरू, मेंढरं घेऊन निघता निघता चिडवायचे. "बोलंल की. घाई कसली?"

त्यांना काय जातंय बोलायला! ही मला कधी हाक मारणारच नाही की काय, या भीतीने मी पुन्हा घोंगडी पसरायचे.

एके संध्याकाळी आमचा खेळ मागच्या खोलीत चालला होता. लहान कोकरं दिवसभर तिथेच असतात. मेंढरं डोंगरावरून परतली की मामा एकेकाला त्याच्या आईपाशी सोडतात. बाहेर कळप आला आणि एक मेंढी ओरडली. किमयाने पळी टाकली, कोपऱ्यातल्या काळ्या तोंडाच्या कोकराला मिठी मारली आणि दाराकडे बोट केलं.

"आय."

तिचा पहिला शब्द! मामांनी ते कोकरू उचलून बाहेर नेलं. ओरडणारी मेंढी पुढे आली आणि कोकरू थेट तिच्या कासेला लागलं.

"मला बी बघितल्याबिगर कळत न्हाई," मामा हळूच म्हणाले. "हिनं भिंतीआडनं आवाजावरनं वळखली."

शब्द तर त्यांचाच होता. प्रत्येक कोकरू सोडताना ते म्हणतात, "ही बग तुजी आय." घरात मला मात्र सगळे सोनाली म्हणतात. मीसुद्धा लेकीला "माझ्याकडे ये" एवढंच म्हणायचे. कांद्याचं नाव सांगितलं आणि माझं राहून गेलं!

मी सगळ्या वस्तू बाजूला सारल्या आणि स्वतःच घोंगडीखाली बसले. आत अंधार, लोकरीचा वास.

"घोंगडीखाली कोन हाय गं?" बाहेरून मामांनी विचारलं.

मी थांबले. जन्मात कधी थांबले नव्हते तेवढी थांबले.

घोंगडीचं टोक वर झालं. किमयाने कोकराचं धरते तसं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि निरखून पाहिलं.

"आय," ती म्हणाली.

मला रडू आवरेना. तिने शांतपणे घोंगडी पुन्हा माझ्यावर ओढली, मला पुन्हा शोधायला.