उकळलेल्या कड्या

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. सिस्टरबाईंची निवृत्तीनंतरही गेली नव्हती. बत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात हत्यारं उकळण्यात गेलेली बाई. दिसेल ते धुवायला हात शिवशिवायचे. याच खोडीपायी लेक वेगळी राहायला गेली होती. आई तिचं कपाट उपसायची, कागद फेकायची आणि वर 'मी हातसुद्धा लावला नाही' म्हणायची.

त्याच लेकीने कामासाठी दहा दिवस बाहेरगावी जाताना पहिल्यांदाच घराची किल्ली आईच्या हातात दिली. घरात खाऱ्या पाण्याची टाकी, टाकीत पांढऱ्या पट्ट्यांचे दोन केशरी मासे. खाली फिल्टरचा डबा. त्यात स्पंज आणि चिनी मातीच्या सच्छिद्र कड्या. "स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळ. कड्यांना हात लावायचा नाही," लेकीने चारचारदा बजावलं होतं.

सहाव्या दिवशी बाईंनी डबा उघडला. कड्यांवर तपकिरी, बुळबुळीत थर! पोरगी असल्या घाणीतून पाणी फिरवते? त्यांनी कड्या वीस मिनिटं उकळल्या, स्पंज नळाखाली खळखळून धुतला. सगळं कसं लख्ख झालं.

आठव्या दिवशी सकाळी पाणी गढूळ, आणि मासे वर येऊन धापा टाकत होते. टाकीपासून खिडकी, खिडकीपासून टाकी, बाईंच्या नुसत्या येरझाऱ्या. बसवेना, उभं राहवेना. शेवटी माशांच्या दुकानात फोन लावला.

"कड्या उकळल्या?" दुकानदार ओरडलाच. "अहो मावशी, त्या थरातच तर जंतू होते. माशांची घाण तेच पचवतात. आता ती पाण्यात साठून विष झालीय. असाल तशा निघून या."

जंतू! जन्मभर ज्यांना मारलं, त्यांनाच आता हातापाया पडून घरी आणायचं. दुकानदाराने आपल्या टाकीतल्या जुन्या कड्या खाऱ्या पाण्यासकट पिशवीत भरून दिल्या, बदलायला दोन कॅन तयार खारं पाणीही दिलं. टॅक्सीत बाई ती पिशवी पोटाशी धरून दर दोन मिनिटांनी ड्रायव्हरला घाई करत होत्या.

अर्धं पाणी बदललं. बुळबुळीत कड्या उघड्या हातांनी डब्यात ठेवल्या. फिल्टर सुरू होताच गाळ टाकीत उडाला, काचेला चिकटला. मासे अजून वरच होते.

तेवढ्यात लेकीचा फोन. "सगळं ठीक?"

जुनं उत्तर जिभेवर तयारच होतं. हात लावला नाही म्हणायचं, बाकीचं माशांच्या नशिबावर ढकलायचं. बाईंना स्वतःचीच लाज वाटली.

"नाही गं. मी कड्या उकळल्या. तू नको म्हणाली होतीस तरी."

बाई चार शब्द ऐकून घ्यायच्या तयारीत होत्या.

"जगतील ते?" लेकीने विचारलं.

"माहीत नाही. दुकानातून जुन्या कड्या आणून घातल्यात. पाणी बदललंय. काच मात्र गाळाने बरबटलीय."

"आई, काच पुसू नकोस." लेक म्हणाली. "मी आत्ताच निघते. पोचेपर्यंत नुसती बस त्यांच्यापाशी. काही करू नकोस. बसशील ना?"

"बसते."

बाईंनी खुर्ची ओढली. माशांच्या धापा बघवत नव्हत्या आणि फडकं तर तिथेच, हाताशी होतं. त्या दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबून बसल्या.