श्योकरणचा डावा गाल

शहीद भावाच्या पुतळ्याचं अनावरण राखीच्या दिवशी ठरलं, तेव्हाच रोहिताश धास्तावला. राजस्थानात झुंझुनूकडच्या गावांत शहिदाची बहीण राखीला सासरहून येते ती आधी पुतळ्याकडे जाते, संगमरवरी मनगटाला राखी बांधते, मगच भावाच्या घराचा उंबरा ओलांडते. म्हणजे थोरली बहीण बिदामीजीजी येणार, आणि अगदी जवळून बघणार.

थोरल्या भावाला, श्योकरणला, लहानपणी उंट चावला होता. डाव्या गालात अंगठा मावेल एवढा खड्डा. म्हणून हा माणूस फोटोला कायम तोंड वळवून उभा राहायचा, पलटणीतल्या फोटोतसुद्धा. तो सीमेवर शहीद झाला, आणि मूर्तिकाराने समोरून काढलेला स्वच्छ फोटो मागितला, तेव्हा धाकट्या रोहिताशने खुशाल आपला पाठवला. भावाच्या सुट्टीत, त्याची वर्दी अंगावर चढवून हौसेने काढलेला. दोघं भाऊ सारखेच तर दिसतो, अशी त्याने मनाची समजूत घातली. लग्नानंतर गावातली नवी जोडपी जिथे डोकं टेकवणार तिथे तो खड्डा कशाला, अशीही घातली. खरं सांगायचं तर गड्याला ते आवडलं होतं. ट्रकमधून मूर्ती उतरली तेव्हा त्याची छाती जराशी फुगलीच. सैन्यभरतीच्या मैदानावर धापा टाकत बसकण मारणारा हा बहाद्दर! तेव्हापासून लाजेने त्याला धड जेवण जात नव्हतं.

सरपंचांनी कापड ओढलं. "हुबेहूब श्योकरण! आता बोलेल असं वाटतंय बघा."

लोकांनी माना डोलावल्या. सांगितलं तेच दिसतं लोकांना. रोहिताश जमिनीकडे बघत होता.

बिदामी थाळी घेऊन चौथऱ्यावर चढली. आई लवकर गेली, दोघांना वाढवलं ते हिने. उंटाच्या जखमेला महिनाभर हळद लावली तीही हिनेच. तिने टिळा लावला आणि हात सवयीने डाव्या गालावर उतरला. तिथे थांबला. अंगठ्याने तिने तो गाल पुन्हा चाचपला.

"दगडात तसं जमत नाही म्हणे, जीजी," रोहिताश खालून पुटपुटला. "गुळगुळीतच होतं."

"असं होय," ती म्हणाली. मग तिने मूर्तीची हनुवटी पाहिली, कान पाहिले, आणि वळून रोहिताशकडे पाहिलं.

मग तिने मूर्तीला राखी बांधली, ओठांना गूळ लावला आणि खाली उतरली. थाळीत दुसरी राखी होती. सगळे बघत होते, म्हणून रोहिताशने मनगट पुढे केलं.

"तुझी बांधली की आत्ता," ती हळूच म्हणाली.

"जीजी, माझं चुकलं, मी..."

"लोक बघतायत. हात खाली घे." तिने ती राखी मुठीत धरली. "श्योकरणची राहिली माझ्याकडे. ही कुठे बांधू, तेवढं सांग मला."

तेवढ्यात सरपंचांनी माइकवरून शहिदाच्या भावाला हार घालायला बोलावलं, आणि गाव टाळ्या वाजवू लागलं. कुणीतरी झेंडूचा हार त्याच्या हातात दिला. रोहिताश पायऱ्या चढला, आणि मान वर न करता त्याने तो हार पुतळ्याच्या गळ्यात घातला.