दुधासाठी बर्फ

“मी नाही बांधणार! एकदा सांगितलं ना!”

“ओरडू नकोस. छातीला पट्टा घट्ट आवळला की चार दिवसांत दूध आटतं. मलाही माझ्या आईनं असंच बांधलं होतं.”

“तेव्हा तुझं पोर चालायला लागलं होतं, आई. माझं तर...” पोरगीनं उगाचच फ्रीजला एक लाथ घातली.

बर्फवाला दारात गमबूट काढत होता आणि आपल्याला काही ऐकूच येत नाही असं तोंड करून होता. जेवायला घरी आलेला, खाली टेम्पोत अजून दोन लाद्या शिल्लक. बाळ जन्मलं त्याच्याही आधीपासून त्याचं लेकीशी बोलणं बंद होतं. निरोप सगळे आईच्या तोंडून. “त्यांना सांग, जेवण निवलंय.” “तिला सांग, मला डोळे आहेत.” मधल्यामध्ये आईचं पार पोस्ट ऑफिस झालं होतं.

झालं होतं ते एवढंच. पोरगी एकवीस वर्षांची, पोटात बाळ, आणि बाळाचा बाप फोन नंबर बदलून पसार. बर्फवाला म्हणाला होता, “कोणाच्या बापाला भितोय मी? माझ्या घरात एक पोर सहज मावेल.” त्यावर ती म्हणाली, “घर पुरेल, बाबा. मी नाही पुरणार.” दत्तक देणाऱ्या संस्थेत तिनं तीन जोडपी पाहिली. प्रत्येकाला एकच प्रश्न, रात्री बाळ रडलं तर कोण उठणार? दोन जोडपी एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली. तिसऱ्यातल्या नवऱ्यानं शाळेत करतात तसा हात वर केला. तिनं त्यांनाच बाळ दिलं.

बाळ सोपवलं त्या दिवशी बर्फवाला तिकडं गेलाच नाही. धंद्यावर गेला, आणि बर्फ फोडायचा टोचा असा चालवला की मासेवाली वैतागली, “अहो, मी बर्फ मागितला, पीठ नाही!”

बाळ गेलं. पण दुधाला कोण सांगणार? ते येतच राहिलं. दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं होतं की दिवस भरायच्या आधीच जन्मलेली पोरं काचेच्या पेटीत असतात, त्यांच्या आयांना कधीकधी दूधच येत नाही. तेव्हापासून ही बया रोज दूध काढायची मशीन लावायची, बाटल्या भरायची, फ्रीजरमध्ये गोठवायची आणि दोन बस बदलून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन द्यायची.

आणि आज फ्रीजनं मान टाकली. वितळलेलं दूध दवाखान्यात घेत नाहीत, सरळ ओतून देतात.

“त्या फ्रीजलासुद्धा अक्कल आली,” आई म्हणाली. “दर वेळी मशीन लावतेस आणि ढसाढसा रडतेस. मला बघवत नाही गं. सोड आता.”

“मशीन नाही लावली तरी रडतेच. नुसतं रडण्यापेक्षा बाटली भरत रडलेलं काय वाईट?” पोरगी नाक पुसत बाटल्या काढायला लागली. “कुठल्या बाळाला जातं ते सांगत नाहीत. मला ऐकायचंही नाही. सिस्टर फक्त म्हणते, काल एक थेंब उरला नाही. तेवढ्यानं मला रात्री झोप लागते, आई. माझी पोर दुसऱ्याच्या घरी पोट भरून झोपते, मग इथं कोणाचं तरी माझ्यामुळं झोपू दे की.”

बोलता बोलता तिनं पलंगावरची जाड चादर ओढली आणि बाटल्या तिच्यात गुंडाळल्या.

“अगं, चादर? उकडतील त्या!”

पोरगीनं ऐकलंच नाही. चादरीचं तोंड दोनदा मुडपलं, कडा आत खोचल्या, गाठ खालच्या अंगाला घेतली.

बर्फवाल्याचा हात गमबुटावरच राहिला. लादी अशीच गुंडाळतो तो. वारा शिरू नये म्हणून दोन मुडपी, गाठ खाली. बर्फाच्या कारखान्यात त्याच्यासारखी गाठ दुसरा कोणी मारत नव्हता. लेकीला त्यानं कधी शिकवली नव्हती. लहानपणी टेम्पोत पाय हलवत बसायची आणि बघत राहायची, तेवढंच. बघून बघून उचललं कार्टीनं. आणि आज तिच्या अंगात उभं राहायचं बळ नव्हतं, पण गाठ कशी, एकदम चोख!

“चादर पातळ आहे,” तो म्हणाला.

दोघी चमकल्या. हे थेट लेकीलाच होतं, पोस्ट ऑफिसातून नाही.

“गोणपाट लागेल. आण इकडे.”

पोरगीनं गाठोडं छातीशी धरलं. “फेकून द्याल.”

“फेकायचं असतं तर बूट कशाला परत चढवले असते?”

खाली टेम्पोपाशी त्यानं लादी फोडली. मासेवालीलाही आवडेल असे नीट तुकडे. जुन्या पेटीत बाटल्या उभ्या लावल्या, भोवती बर्फ ठासला आणि वर बघून ओरडला, “मीठ! खडे मीठ! मिठानं गारठा चढतो, दगड राहील दूध!”

आईनं खिडकीतून बघितलं. मग हातातला पट्टा तिथंच टाकून बरणी घेऊन खाली आली. “घ्या. सगळं ओतू नका, रात्रीच्या जेवणाला चिमूटभर ठेवा.”

पोरगी टेम्पोत चढायला लागली. “तू बस घरी,” तो म्हणाला. “तोंड बघ, चुन्यासारखं झालंय. तिथं कोणाला भेटायचं?”

“काचेच्या दारापाशी सिस्टर असते. विचारेल, तुम्ही कोण.”

“मग?”

“सांगा, बर्फवाला.”

“हट्! बाप म्हणून सांगेन.”

पोरगीनं खिशातून फोन काढून त्याच्यापुढं धरला. परवाच आलेला फोटो. बाळ झोपलेलं, मूठ गालाखाली, मागं हात वर करणाऱ्या त्या माणसाचा खांदा. बर्फवाल्याचे हात ओले होते. त्यानं ते शर्टाला पुसले, पुन्हा पुसले, तरी फोन हातात घेतला नाही. नुसता वाकून बघत राहिला.

“बाबा, त्या दिवशी तुम्ही...”

“आल्यावर. आल्यावर सगळं बोल, शिव्या घाल.” त्यानं पेटीवर गोणपाट ओढलं, गाठ खाली घेतली. “आता बर्फ सुटायला लागेल. मी निघतो.”