पाडव्याला दुपारी चार वाजता

२००१ सालच्या दिवाळीत मी एक खोटी बातमी छापली. मुद्दाम नव्हे, आळसानं. पण खोटी ती खोटीच.

शिरूरहून तेव्हा एक साप्ताहिक निघायचं. सर्जेराव आप्पा त्याचे मालक आणि संपादक. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. वेळ पडली तर अंकांचे गठ्ठे स्वतः एसटीत टाकून यायचे. मी बी.ए. होऊन नुकतीच त्यांच्याकडे लागले होते. शेवटच्या पानावर 'या आठवड्यात' नावाचं सदर होतं, ते माझ्याकडे. शिरूर आणि दौंड तालुक्यांत कुठं कीर्तन आहे, कुठं भारूड, कुठं जत्रा, हे गावोगावच्या टेलिफोन बूथवर फोन करून विचारायचं आणि लिहायचं. त्या दिवाळीत सणसवाडीत कंपनीतल्या कामगारांचा ऑर्केस्ट्रा होता, पाटसला भारूड होतं, दौंडला रेल्वेच्या मैदानावर शाळेच्या मुलींची गाणी होती. सगळं बसवून झालं तरी पानाच्या खालच्या कोपऱ्यात चार ओळींची जागा उरली. कॉम्प्युटरवर पान लावणारा माणूस घाईत होता. मी मागच्या वर्षांचे अंक चाळले आणि एका जुन्या दिवाळीतली बातमी उचलून जशीच्या तशी दिली:

'पाडव्याला दुपारी चार वाजता, न्हावरे येथील धनगरवाडीत बिरोबाच्या देवळासमोर, म्हस्कू आबा व धुळाजी यांच्या धनगरी ओव्या. सर्वांनी लाभ घ्यावा.'

दर पाडव्याला असतंच की, असा माझा हिशोब.

अंक बाहेर पडला आणि दोन दिवसांनी दौंडहून फोन आला. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. वाडीपर्यंत जीप जाते का, विचारत होते. त्यांची आई सोजराबाई नव्वदीची. तिचं माहेर मेंढरं राखणारं. पेपरातलं वाचून दाखवल्यापासून म्हातारी ओव्या ऐकायला न्या म्हणून हटून बसली होती. मी मोठ्या उत्साहानं रस्ता सांगितला. फोन ठेवला तर आप्पा माझ्याकडे बघत होते.

"कुठल्या ओव्या म्हणालीस?" त्यांनी विचारलं. मी अंक पुढं केला. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि हळूच म्हणाले, "अनुपमा, ते दोघं तीन वर्षांत एकत्र गायलेले नाहीत. एकमेकांशी बोलतही नाहीत."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते एवढंच म्हणाले की वाडीत फोन नाही, आणि असता तरी ही फोनवर सांगायची गोष्ट नव्हे. उद्या सकाळच्या गाडीनं जा.

न्हावऱ्याला एसटीतून उतरून मी वाडीपर्यंत चालत गेले. म्हस्कू आबा रानात कांद्याची रोपं लावत होते. उंच, वाळके, डोक्याला लाल पटका. एके काळी त्यांचा दोनशे मेंढरांचा कळप कोकणाच्या वाटेनं जायचा. आता दारात अकरा मेंढरं होती आणि बाकी सगळा कांदा. त्यांची बायको बानूबाई वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला वाकलेली होती. मी बांधावरच उभी राहून माझी चूक सांगून टाकली.

आबा हात धुऊन आले. म्हणाले, वाच. मी वाचलं. म्हणाले, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं.

"धुळाजीचं नाव हाय त्येच्यात?"

"आहे, आबा. तुमच्या मागोमाग."

त्यांनी अंक माझ्या हातून घेतला आणि नीट घडी घालून परत दिला. मग विचारलं, हा पेपर किती गावांत जातो? मी म्हणाले, दोन्ही तालुक्यांतल्या बहुतेक मोठ्या गावांत. मी घाईघाईनं उपायही सांगू लागले. पुढचा अंक पाडव्यानंतर निघणार होता, त्यामुळे त्यात खुलासा छापून उपयोग नव्हता. पण एसटी स्टँडवर कागद चिकटवता आले असते, दौंडच्या माणसांना फोन करता आला असता. आबांनी हात वर करून मला थांबवलं.

"बिरोबाच्या नावानं छापलंय, पोरी. लोक येत्याल. आलेल्या मानसाला देवाच्या दारातनं माघारी धाडायचं व्हय? मी म्हनंन. एकट्याच्यानं जेवढं हुईल तेवढं."

बानूबाई मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या, आणि वाटेत त्यांनीच सगळं सांगितलं. धनगरी ओवी एकट्याची नसते. गाणारा ओळ टाकतो आणि ती संपायच्या आत दुसरा ती झेलतो, पुढं नेतो आणि पहिल्याच्या हाती परत देतो. त्या दुसऱ्याला झेलकरी म्हणतात. पहिल्याला श्वास मिळतो तो झेलकऱ्यामुळे. धुळाजी हा आबांचा लांबचा चुलतभाऊ. दोघांनी मेंढरांमागं हिंडताना, विशीच्याही आधी, एकत्र म्हणायला सुरुवात केली आणि चाळीस वर्षं म्हटलं. मग एकदा दौंडला मोठा मांडव होता. बिरोबाच्या जन्माची कथा चालली असताना ओवी मध्येच तुटली. आबांनी ढोल थांबवला आणि भर मांडवात म्हणाले, धुळाजी, तुझं ध्यान कुठं हाय? लोक हसले. धुळाजीनं खांद्यावरची घोंगडी उचलली, तो मांडवातून बाहेर पडला आणि तसाच एसटीत बसून गेला. पुढं त्याला पाटसच्या साखर कारखान्यावर वॉचमनची नोकरी लागली. तो तिकडंच खोली करून राहिला.

"आणि चूक कुणाची होती?" मी विचारलं.

बानूबाई थोडं अंतर चालल्या. "ह्येंची," त्या म्हणाल्या. "ह्येंनाबी ठावं हाय. मला ठावं हाय. पन त्ये आमच्या दोघांतच ऱ्हायलं."

मी म्हणाले, मी पाटसला जाऊन येते, धुळाजींना सांगते. बानूबाईंनी मान हलवली. तीन वर्षांत निरोप नेणारे पुष्कळ झाले होते. प्रत्येक निरोपानं गाठ आणखी घट्ट बसली होती.

पाडव्याच्या दिवशी आप्पा आणि मी दुपारीच वाडीत पोचलो. मेंढरांना आंघोळ घालून त्यांच्या पाठीवर तांबडी काव लावली होती. बिरोबाचं देऊळ म्हणजे दगडी चौथरा, वर पत्रा आणि समोर एक मोठं कडुनिंबाचं झाड. मला वाटलं होतं, पन्नास माणसं आली तरी फार. चार वाजेपर्यंत तीनशेच्या वर झाली. न्हावऱ्याची होतीच, शिवाय पाटसकडून बायका आल्या होत्या, सणसवाडीच्या कंपन्यांत काम करणारी परगावची पाच-सहा माणसं होती. त्यांच्यातल्या एकानं मला हिंदीत विचारलं की गाणं कुठल्या देवाचं आहे. दौंडच्या जीपमधून सोजराबाई उतरल्या. मुलानं त्यांना उचलूनच आणलं आणि चौथऱ्याजवळ पोत्यावर बसवलं.

आबा आले. धुतलेलं धोतर, कपाळाला भंडारा, खांद्यावर काळी घोंगडी. भावकीतल्या दोघांनी ढोल धरले, एकानं झांज. त्यांना ताल येत होता. कथा कुणालाच येत नव्हती. आबांनी देवाला हात जोडले, एक हात कानावर ठेवला आणि सुंबरान मांडलं, म्हणजे आधी देवाचं स्मरण केलं.

मी ओव्या तोवर कधी नीट ऐकल्याच नव्हत्या. बासष्ट वर्षांचा तो माणूस, त्याचा आवाज उघड्या माळावर मेंढरं हाकायला बनलेला. माईक नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. शब्द लांबून यायचा, झाडाखालून जायचा आणि पार रस्त्याकडे निघून जायचा. पण मलाही कळत होतं की काहीतरी अपुरं आहे. आबा ओळ टाकायचे आणि स्वतःच धावत जाऊन ती झेलायचे. श्वास घ्यायला जागाच नव्हती. अर्ध्या तासात गळ्याच्या शिरा टरारून फुगल्या. दोनदा आवाज फाटला. लोक चुळबुळले नाहीत. कुणी उठलं नाही. सोजराबाईंचा हात मात्र मांडीवर सारखा हलत होता, आणि दर ओळीच्या शेवटी त्या हवेत काहीतरी उचलल्यासारखं करत होत्या.

मग आबांनी ढोल थांबवायची खूण केली. मला वाटलं, संपलं. ते पाणी प्यायले, पटका नीट केला आणि ढोलाशिवायच, हळू आवाजात, कथेत नसलेली ओवी धरली:

"दौंडाच्या मांडवात गा, वाट माझीच चुकली,
सबुद माझा हारवला, बोट भावाकडं केलं…"

वाडीची माणसं एकदम ताठ झाली. त्यांना समजलं होतं. बानूबाई देवळाच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला. आबांनी तीच ओळ पुन्हा म्हटली, या वेळी मोठ्यानं, पाडव्याला जमलेल्या तीनशे माणसांना नीट ऐकू जाईल अशी. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"चारचौघात पाडलं गा, चारचौघात सांगतो,
अर्धी ओवी हितं पडली, उचलाया मानूस न्हाई…"

आणि ते थांबले. ओळ पुरी झाली नव्हती. मला आजही आठवतं, त्या वेळी फक्त मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या वाजत होत्या.

"…उचलाया मानूस आला गा, उचलाया मानूस आला."

आवाज मागून आला होता, रस्त्याच्या कडेनं. सगळ्यांनी माना वळवल्या. एक बुटका, रुंद माणूस खाकी वर्दीत उभा होता, त्याच्या बाजूला एम-एटी गाडी स्टँडवर लावलेली. गाळपाचा हंगाम सुरू झाल्यामुळे त्याची संध्याकाळची ड्युटी होती, म्हणून तो वर्दी घालूनच निघाला होता. माणसांनी वाट करून दिली. धुळाजी सरळ पुढं आला, पायातले बूट काढले, देवळाच्या पायरीवरचा भंडारा कपाळाला लावला आणि आबांच्या डाव्या बाजूला, त्याच्या जुन्या जागी, उभा राहिला. आबांनी ढोलवाल्यांकडे बघितलं आणि बिरोबाच्या जन्माची कथा सुरू केली.

त्यानंतर जे झालं ते मला नीट लिहिता येत नाही, आणि मी त्या आठवड्यात ते लिहायचा तीनदा प्रयत्न केला. आबा ओळ टाकत आणि ती खाली पडायच्या आत धुळाजी उचलत असे. कुठं कोण थांबला आणि कुठं कोण सुरू झाला, ते कळायचं नाही. मघाशी फाटलेला आबांचा आवाज मोकळा झाला. त्यांना श्वास मिळाला होता. कथेच्या एखाद्या वळणावर ते मुद्दाम लय बदलत आणि धुळाजी, तीन वर्षं कारखान्याच्या फाटकावर उभा राहिलेला माणूस, जराही न अडखळता त्यांच्यासोबत वळत असे. सोजराबाई हसत होत्या. दात नसलेलं, तोंडभर हसू. सणसवाडीची परगावची माणसं शब्द न कळताही झांजेवर माना डोलवत होती. आप्पा मास्तर होते, कुणाचं सहसा कौतुक करायचे नाहीत. ते मला म्हणाले, "बघून ठेव. हे शिकवून येत नाही, एकत्र जगून येतं."

दिवेलागणीला कथा संपली. बानूबाईंनी मेंढरांना ओवाळलं आणि मग त्या दोघांनाही ओवाळलं, आधी धुळाजीला.

मी धुळाजींना गाठलं आणि त्यांचीही माफी मागितली. ते म्हणाले, कारखान्याच्या कँटीनमध्ये कुणीतरी वाचून दाखवलं, तेव्हा त्यांना आधी राग आला होता. वाटलं, म्हस्कूनं दुसराच कुणी धुळाजी उभा केला. तो कोण आहे ते बघायला ते आले होते, रस्त्यावरूनच परत जायचं असं ठरवून.

"मग आबांनी तुम्हाला बघितलं असेल, म्हणून तसं म्हणाले?" मी म्हणाले.

"त्येला?" धुळाजी हसले. "त्येला दहा पावलांपलीकडचं दिसत न्हाई आता. मोतीबिंदू हाय."

मी आबांनाही विचारलं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. धुळाजी आला असता काय आणि नसता काय, ते बोलायचंच त्यांनी रानात कांदा लावताना ठरवलं होतं. पेपरवाल्यांनी माणसं जमवून दिलीच आहेत, तर एवढं काम उरकून घ्यावं, असं ते म्हणाले.

पुढच्या अंकात आप्पांनी मला खुलासा छापायला लावलाच: मागची बातमी न विचारता दिली होती, आणि तसं पुन्हा होणार नाही. तसं झालंही नाही. त्यानंतर 'या आठवड्यात'मधली एकही ओळ मी त्या त्या माणसाशी बोलल्याशिवाय लिहिली नाही. म्हस्कू आबा आणि धुळाजी आणखी सात पाडवे एकत्र गायले. त्यांतल्या पाचांना मी हजर होते.

पण त्या पहिल्या संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा धुळाजींची ड्युटी कधीच सुरू होऊन गेली होती आणि ते अजून पायरीवरच होते. दोघं पुरणपोळी खात हळू आवाजात वाद घालत होते. कथेतल्या एका शब्दावरून, तो असा की तसा. मला काळजी वाटली, पुन्हा बिनसतंय की काय. मी बानूबाईंकडे बघितलं.

"भांडू दे," त्या म्हणाल्या आणि दोघांच्या ताटात आणखी तूप वाढलं.