माळावर उतरलेला समुद्र

सांगतो ते कुणालाच खरं वाटणार नाही; न वाटो. माणदेशाच्या ताम्रवर्णी, तृणहीन माळावर एका शनिवारी सकाळी समुद्र आला. लोखंडे बाईंच्या पिशवीतून आला, आणि शाळेपुढच्या कडुनिंबाच्या जाळीदार सावलीत, पानापानाने उलगडत, निळाईत निळाई मिसळत, पसरला.

फाल्गुनाचं कोवळं ऊन. दूर मेंढरांच्या घंटांची किणकिण. आणि त्या सचित्र पुस्तकात, दोन पानं व्यापून उरलेला, मेघश्यामल, महाकाय देवमासा.

मुलं मात्र पाहत होती मायाप्पा आबांकडे. दर्या पाहिलेले अख्ख्या वाडीत ते एकटेच. चाळीस वर्षं, तिन्हीसांजेच्या धूसर जांभळ्या उजेडात, आबांनी दर्या सांगितला होता. वाडीनं तो ओंजळी भरभरून प्यायला होता.

खरं तर मेंढरं घेऊन कोकणात निघालेले आबा घाटमाथ्यावरूनच परतले होते, एक लंगडी मेंढी खांद्यावर घेऊन. हे ठाऊक होतं फक्त त्या मेंढीला. ती कुणाजवळ बोलली नाही.

"आबा, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय," बाई म्हणाल्या. "चित्रं तुम्हीच समजावून सांगा."

आबांना अक्षर येत नव्हतं. चाळीस वर्षांच्या संध्याकाळी त्या एका पुस्तकाच्या काठावर येऊन थरथरत उभ्या राहिल्या.

पण चित्रं दयाळू होती. देवमासा? "बेट समजून ह्याच्या पाठीवर मेंढरं चारली मी." त्या स्फटिकशुभ्र, झालरदार जेलीफिश? "दर्याच्या छत्र्या. पाऊस आला की दर्या त्या उघडतो." मुलं हसली, शहारली, सरकत सरकत जवळ आली.

मग पान उलटलं. समुद्रघोडा. सोनसळी, वक्रग्रीव, मोहरीएवढ्या डोळ्यांचा. पोट टरारून फुगलेलं.

इथे तर आबांची नजर जन्मात चुकली नव्हती. कुठली मेंढी कधी विणार, हे ते नुसत्या चालीवरून सांगत.

"गाभण हाय," चित्रावरून मायेनं बोट फिरवत ते म्हणाले. "दर्याकाठी मीच सोडवली हिला, ह्या हातांनी. लई अडली होती बिचारी."

सारी सावली आबांच्या बोटाकडे पाहत राहिली. फक्त दुसरीतल्या पोरीचं, झुंबरचं, बोट चित्राखालच्या बारीक ओळीवरून, मुंगीच्या चालीनं, अक्षर अक्षर ओलांडत राहिलं. काठाला पोचलं. थांबलं.

"आबा, ही बया न्हाय. गडी हाय. हितं लिवलंय, पिल्लं बापच पोटात वागवतो." आणि मग, डोळे विस्फारून, "आबा! तुमी दर्या बघितलाच न्हाय!"

आबांनी चित्रावरचं बोट उचललं.

"न्हाय बघितला," आबा म्हणाले. हळूहळू त्यांच्या मिशीत हसू फुटलं. "पण बाप पिल्लं घालतो, एवढी थाप मला जन्मात सुचली नसती. वाच पोरी. फुडं वाच."

पुस्तक झुंबरच्या मांडीवर गेलं. आबा मुलांच्या रांगेत बसले. आणि अक्षरामागून अक्षर, लाटेमागून लाट, निळा, निवांत, खराखुरा समुद्र जवळ येऊ लागला तसं त्यांनी धोतर थोडं वर घेतलं, काठ भिजू नये म्हणून.